अण्णा आठवतात ते आजारपणातलेच

वडील गेल्यानंतर डोळ्यांसमोर फक्त त्यांचे शेवटचे आजारपण येते, त्याआधीचा हिंडता-फिरता माणूस काही केल्या आठवत नाही, अशी तक्रार घेऊन अनेक जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. दुसरी चिंता थोड्या वेळाने बाहेर पडते, ती म्हणजे आईसमोर त्यांचा विषय काढावा की काढू नये. या दोन्ही प्रश्नांचे मूळ बऱ्याचदा एकच असते, आणि ते दापोली तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या अनुभवातून चांगले समजते. कुटुंबाच्या संमतीने मी तो इथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चाळिशी ओलांडलेला, नोकरीनिमित्त डोंबिवलीत स्थायिक, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरता गावी येणारा. वडिलांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणत. भात, नाचणी आणि उतारावरची हापूसची कलमे यांवर त्यांनी संसार केला, दोन मुलांना वाढवले. शेवटचे काही महिने मात्र मुंबईच्या रुग्णालयात गेले आणि तिथेच थंडीत त्यांचे निधन झाले. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मिरग बरसून लावणी तोंडावर आली होती. तो म्हणाला, "मॅडम, माणूस जन्मभर चिखलात उभा राहिला आणि मला दिसतात ते नाकात नळी घातलेले अण्णा. मी माझ्या बापाला विसरलो का?"

तो विसरला नव्हता. भीती आणि ताणाच्या काळात जे घडते ते मेंदू अधिक ठळकपणे नोंदवून ठेवतो, आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा मनात आले की ते आणखी पक्के होते. उलट रोजच्या जगण्याचे असे वेगवेगळे प्रसंग राहत नाहीत. हजारो सकाळी एकमेकींत मिसळून जातात आणि एखादा वास, एखादे अवजार किंवा कोणाचे तरी बोलणे यांचा धक्का लागल्याशिवाय त्यातली एकही वर येत नाही. त्या घरात असा धक्का लागण्याची सोयच उरली नव्हती. आईला त्रास होईल म्हणून मुले गप्प होती, मुलांना त्रास होईल म्हणून आई गप्प होती. तेराव्यापर्यंत माणसे येऊन बसत, बोलत. त्यानंतर अण्णांचे नाव घरात निघे ते सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीपुरते.

"अण्णा कसे होते?" असे मी त्याला विचारले नाही. या प्रश्नाला कष्टाळू, प्रेमळ, शांत अशी श्रद्धांजलीच्या फलकावरची उत्तरे येतात आणि त्यातून माणूस दिसत नाही. मी विचारले, "तुम्हाला मुंबईला आंब्याची पेटी पाठवायची असली की अण्णा ती कशी भरायचे?" तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग हातांनीच दाखवू लागला. माळ्यावर पेंढ्यात घातलेल्या अढीतून एकेक आंबा उचलायचा, देठाजवळ हुंगायचा, अंगठ्याने दाबायचा नाही, कारण दाबलेल्या जागी डाग पडतो. लवकर पिकणारे वर, कच्चे तळाला. कोपऱ्यात आमसुलांची पुडी, आणि झाकणावर कोळशाने लिहिलेले मुलाचे नाव, ज्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ जन्मभर चुकीचाच राहिला. फोनवर अण्णा कधी फारसे बोलत नसत. पेटी पोचली का आणि तिकडे पाऊस आहे का, एवढेच विचारत. हे सांगताना तो पहिल्यांदा रडला.

पुढच्या वेळी त्याने आईला आणि बहिणीला सोबत आणावे, असे मी सुचवले. आईसमोर विषय काढण्याचे धाडस त्याला होईना, म्हणून सुरुवात मी केली. लावणीच्या वेळी अण्णा काय करायचे, एवढेच विचारले. आई बिचकली नाही. रोपे उपटल्यावर मुळांचा चिखल ते पायावर आपटून झाडत, त्यामुळे पावसाळाभर त्यांची उजवी पोटरी लाल असे आणि रात्री ती खोबरेल तेल लावून देई, हे तिने सहज सांगितले. मग 3 जून 2020 चा निसर्ग चक्रीवादळाचा दिवस निघाला. त्यांच्या बागेतली जुनी कलमे त्या दुपारी मुळासकट आडवी झाली होती. साठी उलटलेल्या अण्णांनी त्याच पावसात खड्डे खणून नवी कलमे लावली. हापूसला नीट फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात; हे कोणासाठी, म्हणून आई त्यांच्याशी भांडली होती. "ते म्हणाले, जागा मोकळी बघवत नाही," एवढे सांगून ती हसली. मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण त्या दिवसांत टाळेबंदीमुळे तो मुंबईत अडकला होता.

बहिणीने मात्र वेगळीच आठवण काढली. बारावीनंतर तिला पुढे शिकायचे होते आणि अण्णांनी पाठवले नाही. भाऊ तिला थांबवू लागला, "आता कशाला ते?" मी तिला बोलू दिले. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये ही आपली रीत आदरातून आली आहे, हे मी मानते. पण घरातल्या एकीचा राग दाराबाहेर ठेवून केलेले स्मरण तिच्यापुरते खोटे होते आणि तीच हळूहळू त्यातून बाहेर पडते. आईने तिची बाजू घेतली. तो निर्णय अण्णांनाही नंतर खुपत असे, आणि नातीच्या फीचे पैसे ते न मागता काढून देत, हे तिने त्या दिवशी सांगितले. मुलीचा राग त्याने संपला नाही, आणि तो संपावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पूर्वी समुपदेशनात गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेण्यावर बराच भर असे. 1996 च्या सुमारास शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की, हे नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते जपणे आजारपणाचे लक्षण नव्हे. वर्षश्राद्ध आणि सर्वपित्री पाळणाऱ्या आपल्या घरांना हे नवे वाटू नये. दुःख आजाराकडे झुकते ते वेगळ्या कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणानुसार, सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ किंवा तेच विचार कायम राहून रोजचे व्यवहार ठप्प झाले असतील, तर त्यावर उपचार घ्यावेत. हा मुलगा कामावर जात होता, जेवत-झोपत होता, म्हणून त्याला तशा उपचारांची गरज नव्हती. ज्यांना ती असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, त्यांनी शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक लावावा.

रुग्णालयातले चित्र त्याच्या मनातून गेलेले नाही, पण आता तेवढेच एक चित्र राहिलेले नाही. ज्यांची आई खरोखरच या विषयावर बोलायला नको म्हणते, त्यांनी तिला आग्रह करू नये. ती आपणहून बोलली तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. तोवर वाडीतल्या जाणत्या माणसांकडे जावे, वडिलांसोबत ज्यांनी गडगा रचला, ज्यांच्या लावणीला ते गेले, ज्या दलालाकडे त्यांनी आंबा घातला त्यांना गाठावे, आणि त्या कामाविषयीच विचारावे.