बायकोनं पगार नवऱ्याच्या हातात द्यायचा, असं बायबलमध्ये लिहिलंय का?

ताई, तुमचं लग्न ठरलंय आणि मुलगा म्हणतो की बायबलप्रमाणे बायको अधीन असते, म्हणून पगार त्याच्या अकाउंटला जाणार आणि नोकरी ठेवायची का सोडायची हेही तोच ठरवणार, तं हे खरंच लिहिलंय का, असा तुमचा प्रश्न. मी नागपूरचा, सदरमधला, चर्चमध्येच वाढलो, पाळक वगैरे नाही, वाचलंय तेवढं सांगतो.

'अधीन असा' हे लिहिलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. इफिसकरांस पत्र ५:२२, कलस्सैकरांस ३:१८, पेत्राचं पहिलं पत्र ३:१, तिन्हीकडे आहे. पण ते बायकांना सांगितलंय. नवऱ्याला 'तिला अधीन ठेव' असं यातल्या एकाही जागी सांगितलेलं नाही, तं तुमच्या वाटचं वचन तो तुमच्याकडून वसूल कसं काय करतो? त्याच्या वाटचं इफिसकरांसच्याच ५ व्या अध्यायात २५ व्या ओळीपासून सुरू होतं आणि ते बरंच लांब आहे, ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जीव दिला तशी बायकोवर प्रीती कर, स्वतःच्या शरीरासारखं तिला जप. कलस्सैमध्ये तर लगेच पुढच्याच ओळीत नवऱ्यांना बजावलंय की तिच्याशी कठोर वागू नका. आमच्याकडे लग्नात इफिसकरांसचा हा उतारा वाचतात ना, तेव्हा २२ आलं की मागच्या बाकावरची पोट्टे एकमेकांना कोपरं मारतात, अन् २५ येईस्तोवर सगळे फोटोग्राफरकडे बघत असतात. आणि २१ मध्ये 'एकमेकांच्या अधीन असा' आहे, ते तं कोणालाच आठवत नाही.

काही मंडळ्यांमध्ये शेवटचा शब्द नवऱ्याचा असंच शिकवतात, काही ठिकाणी दोघांचा सारखा, हा वाद जुना आहे. मला दुसरं पटतं. पेत्र साराचं उदाहरण देतो, ती आपल्या नवऱ्याला, अब्राहामाला, धनी म्हणायची, बरोबर आहे, पण उत्पत्ती २१:१२ मध्ये खुद्द देव अब्राहामाला सांगतो की सारा म्हणते तसं कर.

माझी आवडती अबीगईल, पहिलं शमुवेल २५. नवरा नाबाल दाविदाच्या माणसांना हाकलून देतो, दावीद ४०० माणसं घेऊन निघतो, आणि ही बाई नवऱ्याला न विचारता २०० भाकरी, द्राक्षारस, मेंढरं गाढवांवर लादून आडवी जाते आणि सगळं घर वाचवते. नाबाल पिऊन टाईट, म्हणून त्याला सकाळी उतरल्यावर सांगते. दावीद तिला आशीर्वाद देतो. उलट प्रेषितांच्या कृत्यांत, ५ व्या अध्यायात, सप्पीरा जमीन विकलेल्या पैशाबद्दलच्या नवऱ्याच्या खोट्यात सामील झाली, तिला पेत्रानं वेगळं विचारलं आणि तिचा जाब तिलाच द्यावा लागला.

पैशाचं म्हणाल तं नीतिसूत्रे ३१:१६ त्याला वाचायला द्या. सद्गुणी स्त्री स्वतः शेत पाहून विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. नवऱ्याच्या अकाउंटचा तिथं पत्ताच नाही.

लग्नाआधी पाळक दोघांना समोर बसवतात, तेव्हा त्याच्याकडूनच इफिसकरांस ५ मधलं २१ ते ३३ मोठ्यानं वाचून घ्या आणि पगाराचा विषय तिथंच काढा, घरी दोघातच नको. पाळकांसमोर तो काय बोलतो ते बघा, आणि आईवडलांनाही सोबत न्या.