रक्तातील शिसे आणि पोटातील बाळ

पती जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे डॉक्टरांनी जिची पाचव्या महिन्यात शिशासाठी रक्ततपासणी करून घेतली होती, अशी एक गर्भवती सासूबाईंसह समुपदेशनाला आली. रक्तात दर डेसिलिटरमागे १२ मायक्रोग्रॅम शिसे होते आणि हिमोग्लोबिन ८.९ होते. "ताई, बाळात व्यंग येणार का? हे मूल ठेवायचं की नाही?" असे तिने विचारले.

शिशाची पूर्णपणे निर्धोक पातळी नाही. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन व पुढे शिकण्यातील अडचणी यांची शक्यता वाढवते. मात्र वाढलेली शक्यता म्हणजे ठरलेले व्यंग नव्हे, आणि या आकड्यावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, हे डॉक्टरांचे मत मी तिला सविस्तर समजावून सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ मायक्रोग्रॅमपासून पुढे स्रोत शोधून तो थांबवणे, हे पहिले काम असते.

स्रोत घरातच होता. पती कामाच्याच कपड्यांवर घरी येत असे आणि ते कपडे झटकून धुण्याचे काम हिच्याकडे होते. माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते का, हेही मी विचारले. डोहाळ्यांतली ही गोष्ट लाजेपोटी सांगितली जात नाही, आणि मातीतूनही शिसे पोटात जाऊ शकते. तिने नकारार्थी मान हलवली. पाणी उकळून पिते, असेही ती म्हणाली, पण उकळल्याने शिसे जात नाही.

तिने कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या होत्या, याची मला अधिक काळजी वाटली. वर्षानुवर्षे हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरते; आहारात कॅल्शियम पुरेसे असेल तर हाडांची ही झीज कमी होते. लोह कमी असेल तर आतडे शिसे अधिक शोषून घेते. म्हणून कॅल्शियम आणि लोह अशा दोन्ही गोळ्या सुरू झाल्या, पण दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवून. पतीने कारखान्यातच अंघोळ करून कपडे बदलायचे, घरात केरसुणीऐवजी ओले फडके फिरवायचे आणि महिन्याने पुन्हा तपासणी करायची, असे ठरले.

सासूबाईंना अंगावरच्या दुधाची धास्ती होती. या पातळीला स्तनपान थांबवण्याची गरज नसते. बाळाच्या रक्ताची तपासणी आणि वाढीचे टप्पे मात्र बालरोगतज्ज्ञांकडून नियमित पाहून घ्यावेत, असे मी त्यांना सांगितले.