५१२ चे ४७६ कसे झाले?

प्रश्न : ताई, मी फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला आहे. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून लॅपटॉप घेऊन दिला, बिलावर ५१२ जीबी एसएसडी (म्हणजे फाइल साठवायची डिस्क) लिहिलंय पण विंडोज ४७६ जीबीच दाखवतंय. रॅम मात्र ८ म्हणजे ८. बाबा म्हणतात फसवलं, शनिवारी दुकानात जाऊन भांडणार आहेत. खरंच फसवलंय का?
— एक विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर : अगं, आधी बाबांना थांबव! दुकानदाराने काही खाल्लेलं नाहीये. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, म्हणजे तुझ्याकडे ५१,२०० कोटी बाइट आहेत आणि ते सगळेच्या सगळे आहेत. विंडोज तेच बाइट मोजतं पण त्याचा जीबी मोठा असतो, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. कॅल्क्युलेटरवर भागून बघ, ४७६ पॉइंट काहीतरी येईल. मॅकवर २००९ पासून १००० च्या हिशोबाने मोजतात, त्यामुळे हीच डिस्क तिथे ५१२ दिसेल. हार्डवेअर तेच, मोजणारं सॉफ्टवेअर वेगळं.

आता १०२४ च का, हे नीट समजून घे कारण पुढे मायक्रोप्रोसेसर शिकताना हेच लागणार आहे. मेमरीतली जागा शोधायला अ‍ॅड्रेस लाइन असतात आणि प्रत्येक लाइनवर ० किंवा १ एवढंच, मग १० लाइन असल्या की २ चा १० वा घात म्हणजे १०२४ जागा, अजून एक लाइन वाढवली की डबल. म्हणून रॅम अशीच दुपटीने बनते, विकतातही त्याच मापाने, तिथे फरक पडत नाही. त्यातली थोडी ग्राफिक्ससाठी बाजूला ठेवतात, म्हणून 'युजेबल' ७.८ वगैरे दिसलं तर घाबरू नकोस. सी ड्राइव्ह ४७६ पेक्षाही कमी दिसेल, रिकव्हरीसारखी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे राखून ठेवलेले भाग, असतात ना.

हां, पण डिस्क २३८ दाखवत असती तर ती २५६ चीच, मग बाबांनी बिल घेऊन जरूर जावं. आणि फूटपाथवरचे स्वस्त पेन ड्राइव्ह घेताना मात्र दिसणाऱ्या आकड्यावर अजिबात जाऊ नकोस, आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, खोटा आकडा भरता येतो आणि कॉम्प्युटर तोच दाखवतो. पूर्ण भरून सगळ्या फाइल परत उघडून बघ, तेव्हाच कळतं.