तीन वाजता अंधार होतो आणि मला रडू फुटतं

पत्र लांबलचक आहे म्हणून पूर्ण देत नाही, गोषवारा देते. लिहिणारी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या बाहेर एका उपनगरात राहते, पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली, नवरा आयटीत. ती स्वतः पुण्यात बँकेत होती, ती नोकरी सोडून आली. मुलगा साडेतीन वर्षांचा, प्रीस्कूलला जातो, मुलगी नऊ महिन्यांची, तिकडेच झालेली. दुपारी तीनला अंधार पडला की हिला रडू फुटतं, का ते सांगता येत नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर आजीला स्वीडिशमध्ये उत्तरं देतो आणि सासूबाई म्हणतात "काय गं, पोराला मराठी पण नाही शिकवलंस?". नवरा सहाला येतो तो दमलेला. प्रश्न एवढाच, की जानेवारी ते एप्रिल दोन्ही पोरं घेऊन पुण्याला निघून जाऊ का? नवरा म्हणतो जा, तुझं तू ठरव.

अगं, हे "तुझं तू ठरव" वाचून मी जरा थांबलेच. चार महिने घर दोन ठिकाणी होणार, तो साडेतीन वर्षांचा पोरगा बाबाला स्क्रीनवर बघणार, आणि हे सगळं तू एकटीने ठरवायचं? त्याच्यावर येतेच नंतर. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. चार महिन्यांसाठी जाऊ नकोस. तीन-चार आठवड्यांसाठी जा, खुशाल जा, आईच्या हातचं खा आणि दुपारी झोप. पण राहायचं की परतायचं असला मोठा निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस, कारण आत्ता जी विचार करतेय ती अर्धी तू आहेस आणि अर्धा तो अंधार.

हे मी उगाच कवितेसारखं म्हणत नाहीये. तुमच्याकडे २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेतीनला मावळतो, म्हणजे मोजून सहा तास, पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो. दिवस लहान झाला की काही माणसांची झोप, भूक, मूड सगळंच बिघडतं, १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पेपर लिहिला आणि तेव्हापासून डॉक्टर लोक याला सीझनल डिप्रेशन म्हणून ओळखतात. तुला तेच झालंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही. शिवाय तुझं बाळ नऊ महिन्यांचं आहे, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पहिल्या वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं, आणि बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखीच दिसतात, रडू, थकवा, कशात मन न लागणं. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना बीव्हीसीमध्ये, म्हणजे बाळाच्या तपासण्या होतात तिथे, नर्सने तुला दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला असेल. तू तेव्हा सगळं छान छान भरलंस का? (बहुतेक जणी भरतात, तुझ्या वेळी तर मे होता, रात्री नऊला उजेड असतो.) परत जा आणि सांग, मला आता बरं वाटत नाहीये, परत बोलायचंय. स्वीडिश येत नाही म्हणून थांबू नकोस, इंग्लिश चालतं, आणि मराठीतच बोलायचं असेल तर दुभाष्या माग, त्याचे पैसे पडत नाहीत. हे रडू रोजचं झालंय आणि दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही. कुठे जायचं कळत नसेल तर ११७७ ला, तिथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन कर. आणि कधी स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असं मनात आलं, तर त्या क्षणी ११२, तिथला तातडीच्या मदतीचा नंबर, मग नवरा मीटिंगमध्ये असो नाहीतर सासूबाई कॉलवर असोत.

आता उजेडाचं. तू लिहिलंयस की सकाळी मुलाला सोडून तू "थंडी बाधेल म्हणून" बाळाला घेऊन थेट घरी येतेस आणि मग तीनपर्यंत घरातच. नेमका उजेडाचा वेळ तू चार भिंतींत घालवतेस गं! घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर अगदी ढगाळ दिवशीसुद्धा दुपारी काही हजार लक्स मिळतात, डोळ्यांना जरी करडंच दिसत असलं तरी. त्यामुळे अकरा ते एकच्या मध्ये बाहेर पडायचंच. बाळाची दुपारची झोप बाहेर, बाबागाडीत. हो मला माहितीये, प्रीस्कूलमध्ये शून्याखाली पोरं अंगणात झोपवतात हे बघून तुझ्या पोटात गोळा आला होता, तू लिहिलंयस, आणि सासूबाईंनी तर "पोरांना मारायला पाठवतेस का" म्हटलं. पण त्या देशात पिढ्यान् पिढ्या बाळं अशीच झोपतात. आत लोकरीचे कपडे, वर गाडीची जाड उबदार पिशवी, कानटोपी, आणि चेहऱ्यावर काही झाकायचं नाही. हात गार लागले म्हणून घाबरू नकोस, बाळांचे हात गार असतातच, मानेच्या मागे कॉलरमध्ये दोन बोटं घाल, तिथे ऊब लागली तर बाळ मजेत आहे, घाम लागला तर एक थर कमी कर. आपल्याकडच्या आया थंडीत बाळाला कमी कपडे घालत नाहीत, जास्तच घालतात.

आणि बाहेर पडायचं म्हटलं की जी लढाई होते ना, लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर ओव्हरऑल, बूट, मोजे, हातमोजे, चेन गळ्यापर्यंत लावली की मुलगा म्हणणार "आई शू", तोवर बाळ तिच्या कपड्यांत घामाघूम होऊन किंचाळतंय. यात तुझी अर्धी शक्ती जाते हे मला कळतंय. तर मुलाची शू आधी, न विचारता, सरळ बसवायचंच. बाळाला सगळ्यात शेवटी, दार उघडायच्या आधी दोन मिनिटं. आणि आधी स्वतःचे कपडे चढव, फक्त जॅकेट हातात ठेव, नाहीतर तूच उकडून निघशील आणि मग कोणावर तरी ओरडशील. मुलाचे हातमोजे एक जोड हरवणारच, जास्तीचा जोड प्रीस्कूलच्या खणात ठेवून दे, त्यावर चिडण्यात जीव घालवू नकोस.

लाइट थेरपीचा दिवा घ्यायचा का म्हणून विचारलंयस. घे की. दहा हजार लक्सवाला, सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, समोर ठेवून नाश्ता करायचा, थेट त्यात बघत बसायचं नाही. काहींना खूप फरक पडतो, काहींना काहीच नाही. डोळ्यांचं काही दुखणं असेल किंवा मूड एकदम टोकाला जाण्याचा इतिहास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. व्हिटॅमिन डी हा वेगळा विषय, तो मूडसाठी नाही, पण तेवढ्या उत्तरेला ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते जवळजवळ बनतच नाही आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन अजून जास्त लागतं. मुलीचे डी थेंब चालू असतीलच, दोन वर्षांपर्यंत सगळ्याच बाळांना देतात, पण सावळ्या मुलांना पुढेही द्यायला सांगतात, म्हणजे मुलाचे बंद केले असशील तर नर्सला विचार, आणि तुझी स्वतःची लेव्हल पण तपासून घे.

आता नवरोबा. तू चार वेळा लिहिलंयस "तो बिचारा दमून येतो". तू काय करतेस दिवसभर, लोळतेस? अगं, तू अशा देशात आहेस ज्याने १९७४ मध्येच बाळंतपणाची रजा आईबापांची रजा करून टाकली. एका मुलामागे ४८० दिवस, त्यातले ९० दिवस फक्त बापाचे, ते तुझ्या नावावर करताच येत नाहीत, त्याने घेतले नाहीत तर वाया. "तूच घरी आहेस तर मी कशाला रजा घेऊ, माझा प्रोजेक्ट चालू आहे" हे त्याचं वाक्य तू लिहिलंयस, ते पुण्याच्या ऑफिसातून सामानात बांधून आणलेलं वाक्य आहे, तिथल्या त्याच्या टीममधले बाप्ये महिनोन्‌महिने रजेवर जातात हे तो रोज बघत असणार. बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत रजा हा त्याचा कायद्याने हक्क आहे, मॅनेजरला फक्त दोन महिने आधी सांगावं लागतं. शिवाय बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत काही दिवस दोघांनी एकत्र रजा घेता येते, २०२४ च्या जुलैपासून ते साठ दिवसांपर्यंत केलंय, फक्त त्याच्या त्या ९० मधले दिवस त्यात धरत नाहीत. तुमच्याकडे अजून सहा महिने आहेत. म्हणजे या आठवड्यात त्याने मेल टाकला तर फेब्रुवारीच्या मध्यापासून तो घरी. मग स्वीडिशच्या क्लासला (एसएफआय, बाहेरून आलेल्यांसाठीचे स्वीडिशचे वर्ग, फुकट असतात) तू रोज सकाळी निघशील आणि ओव्हरऑलची चेन तो लावेल. आणि फेब्रुवारी हा तिकडे पोरं आजारी पडायचाच महिना, पोराचं नाक वाहायला लागलं की तुझ्याच गळ्यात, असं नाही, त्यासाठी बापाला सुट्टी घेता येते आणि पगाराचे साधारण ऐंशी टक्के मिळतात.

तो क्रूर आहे असं मी म्हणत नाहीये, त्याला बहुतेक कोणी सरळ सांगितलेलंच नाही. तर रात्री दमल्यावर नाही, शनिवारी सकाळी चहा घेताना सांग, "मला मदत नकोय, तू रजा घे". मदत म्हटलं की तो भांडी घासेल आणि विषय संपेल.

एकटेपणाचं एक अर्धं उत्तर तुझ्या जवळपासच असेल, ओपन प्रीस्कूल, आई किंवा बाप बाळाला घेऊन बसतात, गाणी म्हणतात, कॉफी पितात, पैसे नाहीत आणि बहुतेक ठिकाणी नावनोंदणी पण नाही. पहिले दोन-तीनदा कोणी बोलणार नाही, ते लोक तसेच आहेत, तुझ्यावर राग नाही त्यांचा. जात राहा. गणपतीला भेटलेल्या ज्या दोघी-तिघींबद्दल लिहिलंयस त्यांना तूच मेसेज टाक, त्या पण घरात बसून हेच करत असणार.

सासूबाईंचं आणि मराठीचं राहिलं. साडेतीन वर्षांचं पोर दिवसभर ज्या भाषेत खेळतं त्याच भाषेत पटकन उत्तर देतं, त्याला मराठी कळतंय ना, मग ती गेलेली नाही. कॉलवर त्याला "आजीला सांग काय खाल्लं" अशी परीक्षा घेणं बंद करा, कोण आवडीने देईल उत्तरं? तुमच्याकडे तीन वाजतात तेव्हा पुण्यात साडेसात, आजी स्वयंपाकघरात असते. फोन ओट्यावर उभा करायला सांग, त्या पोळ्या लाटू देत, गोष्ट सांगू देत, तिकडे पोरगा खेळता खेळता ऐकू दे, बोलला तर बोलला. तुझ्याही नेमक्या त्या वाईट तासाला घरात एक मराठी आवाज राहील. पुढे शाळेत गेला की नगरपालिकेकडे मराठी मागता येते, निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा, म्हणजे त्या दोघी-तिघींची पोरं इथे पण कामाला येतील. आणि "काय शिकवलंस" याला उत्तर नवऱ्याने द्यायचं, त्याची आई आहे, पोरगा त्याचाही आहे.

एक तारीख लिहून ठेव, १५ मार्च. फेब्रुवारीत तुमच्याकडे दिवस रोज पाचेक मिनिटांनी वाढतो, मार्चच्या मध्यावर साडेअकरा तासांच्या वर जातो. तोवर नर्सशी बोलणं झालेलं असेल, नवरा रजेवर असेल, तू पुण्याला जाऊन आलेली असशील. तेव्हाही वाटलं की इथे राहायचं नाही, तर मग ते खरं आहे आणि मग चौघांनी कायमचं परतायचा विचार करा, त्यात हार-बिर काही नाही. पण तेव्हाही चौघांनी, तू दोन पोरं घेऊन आणि तो तिकडे डबा गरम करत, असं नाही.

जानेवारीचं तिकीट काढायच्या आधी चौघांच्या रेसिडेन्स परमिट कार्डांवरच्या तारखा बघून घे, मुलीचं तर आठवणीने बघ, संपत आलं असेल तर रिन्यूअलचा अर्ज निघायच्या आधी टाका, संपलेलं कार्ड घेऊन परत येताना मुंबईला चेक-इन काउंटरवरच अडवतात.