भाड्याचा सूट घेणार असाल तर दुकानातच कव्हर उघडा

तुमची पोस्ट वाचून माझं स्वतःचं लग्न आठवलं. तुम्ही विचारलंय, लग्नाला सूट भाड्याने घ्यावा की शिवून घ्यावा. तुमचं मुहूर्ताचं धोतर-उपरणं घेऊन झालंय, प्रश्न फक्त संध्याकाळच्या रिसेप्शनचा. थ्री पीसचं (कोट, जाकीट, पँट) भाडं 5,000, डिपॉझिट तेवढंच, शिवून घ्यायचा तर 18,000. तुम्ही चाकणला कंपनीत शॉप फ्लोअरवर, म्हणजे सूट परत घालायची वेळ येणार नाही. म्हणून भावाचं म्हणणं भाड्याने घे आणि आईचं म्हणणं शिवून घे. माझा हिशेब अगदी हाच होता आणि मी भाड्याने घेतला होता.

माझं लग्न 2016 च्या मे महिन्यात साताऱ्याला झालं. सूट पुण्यातल्या एका दुकानातून मार्चमध्येच ठरवला होता. गडद निळा, खांद्यात नेमका बसलेला. पावतीवर दुकानदाराने लिहिलं ‘ब्लू थ्री पीस, साइज 40’ आणि तारीख. बाकी काही नाही. आदल्या दिवशी दुपारी आणायला गेलो तर तिथीमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली, घरून फोनवर फोन. कव्हर हातात घेतलं, चेन न उघडता गाडीत टाकलं आणि निघालो. माझी चूक एवढीच, आणि सगळं तिच्यामुळेच झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला कार्यालयात चेन उघडली. सूट माझा नव्हता. निळा होता, साइज 40 होती, पण पीस दुसराच. बाही मनगटाच्या दीड इंच वर, खांदा आवळलेला, हात पुढे केला की पाठीवर ताण यायचा. दुकानदाराला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘साइज तीच आहे ना? तुमचा पीस आधीच्या पार्टीकडून परतच आला नाही.’ लागोपाठच्या तिथींना एकच सूट दोन घरी लावला होता. वडिलांनी फोन घेऊन त्या माणसाला विनवण्या केल्या. त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. लग्नाच्या दिवशी आपल्या वडिलांवर ही वेळ यायला नको होती.

मामा गावातल्या एका टेलरकाकांना घेऊन आले. नशिबाने बाहीच्या टोकाला माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, होती. काकांनी उसवून, अस्तर सोडवून, इस्त्री मारून बाही जेमतेम पुरती केली. जुन्या घडीची रेघ मात्र फोटोत स्पष्ट दिसते. खांद्याला त्यांनी हातही लावला नाही, आणि ते बरोबरच होतं. कंबर सैल करता येते, पँट लांब-आखूड करता येते, पण खांदा बदलायचा तर बाही काढून कोट पुन्हा बेतावा लागतो. ते काम तासाभरात होत नाही.

आणि खरी चीड पुढे आली. सूट परत केला तेव्हा ‘शिलाई उसवली’ म्हणून डिपॉझिटचे सगळे 5,000 कापले. भाडं 4,500 होतं. म्हणजे 9,500 गेले. टेरीवूलचा (पॉलिस्टर-लोकर मिश्र कापडाचा) टू पीस, म्हणजे कोट-पँट, कापड-शिलाईसकट 11,000 ला मिळत होता, तो मी महाग म्हणून सोडला होता. तक्रार करावी तर हातात पक्कं बिल नाही, पावतीवर पीसचा नंबर नाही. मागितलेलं बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तुम्ही बिल मागा, आणि ठामपणे मागा. (मी वकील नाही, माझ्यावर बेतलं म्हणून नंतर वाचलंय.)

आता माझं मत. हे माझं मत आहे, प्रत्येकाचा खिसा आणि हौस वेगळी. शेरवानी हवी असेल तर खुशाल भाड्याने घ्या. ती जड असते, पुन्हा कुठे घालणार? शिवाय बेत सैल असला तर इंचभर इकडेतिकडे झालं तरी निभावतं. सूट मात्र शिवून घ्या. थ्री पीस नको, साधा टू पीस. तुम्ही म्हणता पुन्हा घालणार नाही, पण कोट वेगळा आणि पँट वेगळी असं नंतर पुष्कळ वापरता येतं. धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही असा टू पीसच शिवून घेतला. 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड टू पीसला सव्वातीन मीटर पुरतं, उंच माणसाला थोडं जास्त. रेडिमेड 2,500 च्या वर गेला की 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के आहे, कापडावर 5 टक्के, हेही हिशेबात धरा. मुलीकडचे पोशाखाचे पैसे देणार असतील तर कापडच मागा, शिलाई आपली. टेलरला ‘कच्च्या टाक्यावर (पक्की शिलाई घालण्याआधी) ट्रायल देणार ना’ हे आधी विचारा. नाही म्हणाला तर दुसरा शोधा. आणि कापड लग्नसराईच्या आधीच टाका, सराईत टेलर तारीख पाळत नाहीत.

तरीही भाड्यानेच घ्यायचा असेल, आणि पैशाची ओढाताण असेल तर त्यात कमीपणा काही नाही, मग पावतीवर पीसचा नंबर लिहून घ्या आणि आतल्या लेबलचा फोटो काढा. दोन दिवस आधी ताब्यात घ्या, भाडं वाढलं तरी चालेल. ज्या शर्ट-बुटांवर घालणार तेच नेऊन दुकानात चढवून बघा, हात वर करून, खाली बसून. कॉलरच्या पुढच्या पट्टीवर फुगे आहेत का पाहा. आतलं पेस्टिंग, म्हणजे आत चिकटवलेलं कडक कापड, सारख्या ड्रायक्लीनने सुटलं की ते येतात, आणि फ्लॅशच्या उजेडात फार उठून दिसतात. घेताना आणि परत देताना व्हिडिओ काढा. परतीची वेळही विचारा. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असेल तर सूट द्यायला कोण जाणार? आणि तो सूट घालून होमाजवळ जाऊ नका, पॉलिस्टरला एका ठिणगीने भोक पडतं.

बूट मात्र विकतच घ्या, आणि पंधरा दिवस आधी घरात घालून फिरा.

लग्न कुठल्या गावी आहे ते लिहिलं नाहीत. पुण्याबाहेर असेल तर तिथल्या एखाद्या टेलरचा नंबर आधीच घेऊन ठेवा. सूट शिवलेला असो की भाड्याचा, आयत्या वेळी बटण तुटतंच.