शेवटचा परिच्छेद झाकून पाहा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, कथालेखनाच्या वर्गाला जाते. माझी कथा ऐकून सगळे ‘छान’ म्हणतात. सर मात्र म्हणाले, ‘शेवट सांगू नका, दिसू द्या.’ म्हणजे काय करू? कथा सोबत पाठवली आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमची कथा दोनदा वाचली. सून माहेराहून परतते आणि सासूने तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी तिला सापडते, ती जागा फार सुंदर उतरली आहे. पण लगेच तुम्ही लिहिता, ‘तिला सासूची माया उमगली.’ ती आम्हाला भाकरीतच दिसली होती हो!

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला (1949) धर्मा रामोशी पुन्हा वाचा. निवेदक त्याला जुनं धोतर देतो, तरी धर्मा फाटक्यातच. निवेदकाला राग येतो. मग धर्माची लेक तेच धोतर लुगड्यासारखं नेसलेली दिसते. दारिद्र्यावर भाषण नाही. मी ते व्यक्तिचित्र एकदा वहीत हाताने उतरवून काढलं होतं. डोळ्यांनी वाचताना निसटलेली वाक्यं हाताला सापडली. शिक्षकाला शेवटी तात्पर्य सांगायची सवय असते. मीही 22 वर्षं शिकवलं आहे, मला ती ओढ ठाऊक आहे.

शेवटचा परिच्छेद झाका आणि कथा घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वर्गातही ‘कशी वाटली’ विचारू नका. ‘सासू तुम्हाला कुठे दिसली?’ असं विचारा. आणि ती भाकरी ज्वारीची की बाजरीची, तेवढं लिहाच.