बाबांची लाल गिटार नक्की किती सालची?

वाचकांचे प्रश्न : जुनी वाद्यं

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या बाबांची इलेक्ट्रिक गिटार आहे, ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपतीत सांगली मिरज जयसिंगपूर इचलकरंजी सगळीकडे कार्यक्रम असायचे त्यांचे. बाबा आता नाहीत. गिटार त्यांनी मुंबईत एका वादकाकडून सेकंडहँड घेतलेली, साल कुणालाच आठवत नाही. वर फेंडर स्ट्रॅटोकास्टर लिहिलंय. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा ती माळ्यावर होती म्हणून वाचली, पण तिची पेटी खाली होती ती गेली. आता एकजण २५ हजार देतो म्हणतोय आणि भाच्याने मोबाईलवर बघितलं तर अशीच एक १५ लाखाला लावलीये. मागच्या प्लेटवर एफ आहे आणि १४२ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर. भाच्याने नेक (गिटारचा लांब दांडा) काढून फोटो घेतले, तिथे १३ जुलै ६६ बी असा शिक्का आहे, म्हणजे १३ जुलै १९६६ ला बनली का? रंग लाल आहे पण ब्रशने मारलेला, बाबांनीच ऑर्केस्ट्राच्या ड्रेसला मॅच करायला मारला होता. विकायच्या आधी गाडीच्या पेंटरकडून नीट रंग मारून घेऊ का? आणि खरी किंमत किती? – एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, रंगाचं आधी सांगतो कारण तेच घाईचं आहे. रंग मारू नका. पॉलिश पण नको, थिनर तर अजिबात नको, गंजलेले स्क्रू बदलणं नको, काहीच नको. आहे तशी ठेवा, का ते पुढे येईलच.

आता साल. लोक मागच्या प्लेटवरचा नंबर बघतात आणि गाडीच्या चेसिस नंबरसारखा तो पक्का धरून चालतात. तसं नाहीये. फेंडर ही अमेरिकन गिटार कंपनी, स्ट्रॅटोकास्टर हे तिचं मॉडेल; तिच्या कारखान्यात या प्लेटा डब्यात पडलेल्या असायच्या आणि हाताला येईल ती लावली जायची, नंबराच्या क्रमाने नाही. शिवाय ती प्लेट चार स्क्रूवर बसते, कुणीही काढून दुसऱ्या गिटारला लावू शकतो. मोठा एफ असलेल्या प्लेटा १९६५ च्या शेवटी आल्या, त्याच वर्षीच्या जानेवारीत सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली होती, आणि तुमचा नंबर साधारण १९६६ च्या टप्प्यात बसतो. पण एवढ्यावर साल ठरवायचं नाही, हा फक्त पहिला साक्षीदार.

दुसरा साक्षीदार जास्त भरवशाचा, तो म्हंजे नेकच्या बुडाचा शिक्का, आणि भाच्याने तो फोटो काढलाय याचा मला खरंच आनंद झाला. पण तो वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या, त्यातलं १३ म्हंजे तारीख नव्हे. तो मॉडेलचा आकडा आहे, त्या काळात स्ट्रॅटोकास्टरच्या नेकला १३ मारायचे. म्हणून साठच्या दशकातल्या कितीतरी गिटारींच्या मालकांना आपली गिटार महिन्याच्या १३ तारखेचीच वाटते. शिक्क्यातून घ्यायचं ते जुलै आणि ६६. शेवटचं बी म्हंजे नटपाशी, नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या तुकड्यापाशी, नेकची रुंदी, बी म्हंजे साधारण ४१ मिलिमीटर, पट्टी लावून बघा, तेवढी भरली पाहिजे. आणि हा शिक्का नेकचा आहे, सगळ्या गिटारचा नाही, नेक तयार होऊन मग गिटार जोडली जायची त्यामुळे जोडणी त्यानंतरची, कधी थोडे दिवस कधी काही महिने.

तिसरा साक्षीदार मला तुमच्या आतल्या फोटोत दिसला. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवतो ना, त्याखाली जे गोल पत्र्याचे पॉट असतात त्यांच्यावर आकडे मारलेले असतात. एकावर १३७६६२२ दिसतंय. १३७ म्हंजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ म्हंजे १९६६ आणि २२ म्हंजे त्या वर्षाचा बावीसावा आठवडा, मे संपून जून लागतो तो. नेक जुलैचा, पॉट त्याच्या आधीचा, जुळतंय. पण पॉटचा अर्थ नेहमी एकाच बाजूने घ्यायचा, "याच्या आधीची नाही" एवढाच. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेऊन ठेवला होता आणि तो पुढची दोन-तीन वर्षं वापरला, त्यामुळे ६६ चा पॉट ६८ च्या गिटारमध्ये सुद्धा सापडतो. तुमच्या बाबतीत नेकमुळे शंका कमी होते.

दुसऱ्या पॉटवर मात्र १३७७९३४ आहे. म्हंजे १९७९ चा ऑगस्ट. म्हंजे त्यानंतर कधीतरी ही गिटार कुणीतरी उघडली आणि पॉट बदलला, तिथलं सोल्डर पण वेगळं दिसतंय, जाड आणि चमकदार. यात वाईट काही नाही, रोज रात्री स्टेजवर वाजणाऱ्या गिटारचा पॉट बदलावाच लागतो. फक्त विकताना हे स्वतःहून सांगायचं. तिसऱ्या पॉटचे आकडे फोटोत झाकले गेलेत, तो पण बघा, पण त्यासाठी वायर सोडवू नका, टॉर्च बाजूने धरा.

हेडस्टॉक, म्हंजे तारा आवळायच्या खुंट्या असतात ते नेकचं टोक, मोठा आहे तो बरोबर, १९६५ च्या शेवटी सीबीएसने तो मोठा केला. वरचं नाव सोनेरी आणि त्याला काळी कड आहे ते पण त्याच काळाशी जुळतं, १९६८ पासून काळं नाव यायला लागलं. थोडक्यात हेडस्टॉक ते शिक्का, हा नेक १९६६ चा आहे असं मी छातीठोकपणे सांगतो.

बॉडीचं तसं सांगता येत नाही, अजून तरी. लाल रंगाखाली काय आहे ते कळल्याशिवाय बॉडी त्याच गिटारची आहे का, का कुठल्यातरी दुरुस्तीत दुसरी लावली, हे कसं सांगणार? यासाठी पिकगार्ड, म्हंजे पुढची प्लॅस्टिकची प्लेट, उचला, मागे ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) स्प्रिंगा असतात त्या खाचेवरचं झाकण काढा आणि उजेडात बघा. ब्रश तिथपर्यंत सहसा पोचत नाही. तिथे कारखान्याचा रंग दिसला, पिवळ्या-तपकिरी छटेचा सनबर्स्ट किंवा दुसरा कुठला, तर तो फोटो लाखमोलाचा समजा. आणि हे पण बघा की पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) खाचा मूळ आकाराच्याच आहेत का छिन्नीने वाढवल्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकात जाड आवाजाचे पिकअप बसवायला बऱ्याच जणांनी लाकूड कोरलं, ते परत भरून येत नाही आणि किंमत पडते.

म्हणून पेंटर नको. बाबांनी मारलेल्या रंगाखाली मूळ लॅकर शिल्लक असेल तर जाणकार माणूस वरचा थर हळूहळू खरवडून काढू शकतो, नेहमी जमतंच असं नाही पण शक्यता असते. गाडीचा पेंटर आधी सँडपेपर मारणार, की ती शक्यता संपली. थिनरचं पण तेच, जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्यात विरघळतं, वरचा लाल रंग निघता निघता खालचा पण निघून येईल. आपल्याकडे मिरजेत सतारमेकरांचा पिढ्यानपिढ्यांचा हात आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, लाकडाची समज त्यांच्याइतकी कुणाला नाही. नटला तडा गेला असेल, फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) उचलली असेल तर जरूर दाखवा. पण पॉलिश करू नका असं आधीच सांगा, कारण सतारीला नवं पॉलिश शोभतं आणि या गिटारला ते मारक आहे.

आता पैसे. भाच्याने बघितलेले १५ लाख ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नाही. बघायचं असतं ते विकल्या गेलेल्या गिटारींचं, आणि ते सुद्धा त्याच वर्षाच्या, तशाच अवस्थेतल्या. या काळातली, सगळं मूळ असलेली स्ट्रॅटोकास्टर परदेशात दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. बाजाराचा ढोबळ नियम असा की रंग बदललेला असेल तर किंमत निम्म्यावर येते. पॉट बदलल्याने थोडी कमी, मूळ पेटी गेल्याने अजून थोडी. पिकअप चालू आहेत का ते केबल लावून मल्टिमीटरवर बघा, स्विच एकेका पिकअपवर ठेवायचा आणि व्हॉल्यूम पूर्ण, साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओम यायला हवेत. काहीच आलं नाही तर आधी वायर-स्विच तपासा, ते ठीक असेल तर कॉइल तुटलीये. ती परत गुंडाळता येते, पण मूळ कॉइल राहत नाही.

हे सगळं धरून सुद्धा, बॉडी मूळची निघाली तर २५ हजार हा भाव नाहीच. नुसता त्या काळचा खरा नेकच त्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीचा आहे. त्या माणसाला नाही म्हणा. आणि "तपासायला दोन दिवस नेतो" म्हणाला तर देऊ नका, तपासायचं ते तुमच्या घरात तुमच्यासमोर.

परदेशी गिऱ्हाईक आलं तर अजून एक भानगड आहे, लाकडाची. फिंगरबोर्ड (नेकवर बोटं दाबतात ती पट्टी) रोजवूडचा दिसतोय आणि त्या काळात फेंडर ब्राझिलचं रोजवूडही वापरायची. ते १९९२ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तयार वाद्यांना २०१९ मध्ये जी सूट मिळाली ती बाकीच्या रोजवूडला, ब्राझिलच्याला नाही. म्हणून लाकूड ओळखून घेतल्याशिवाय कुणालाही कुरिअरने पाठवू नका.

तोवर ती कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. रबराच्या स्टँडवर पण नको, रबर आणि जुन्या लॅकरचं जमत नाही, डाग कायमचा राहतो. आणि बाबांचे स्टेजवरचे फोटो असतील, ऑर्केस्ट्राची पत्रकं असतील तर गिटारसोबतच जपा, गिटार कुणाच्या हातात कधीपासून होती याचा तो पुरावा आहे. मला विचाराल तर त्यामुळेच ती घरात राहावी असं वाटतं, पण तो निर्णय तुमचा आणि आईंचा.

प्रश्न : मला एक जुनी आयबानेझ घ्यायची आहे, दिसायला लेस पॉल या गिब्सनच्या गिटारसारखी. नंबर डी ७८ ने सुरू होतो. विकणारा म्हणाला ही "लॉसूट" गिटार आहे म्हणून महाग. खरं का? – एक वाचक, कराड

उत्तर : नंबर सोपा आहे. त्या काळातल्या जपानी आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हंजे जानेवारी आणि तिथून पुढे, म्हणून डी म्हंजे एप्रिल, आणि ७८ हे साल. आता "लॉसूट" म्हंजे खटला, तो गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझवाल्यांवर जून १९७७ मध्ये हेडस्टॉकच्या आकारावरून केला आणि तो तडजोडीने मिटला. एप्रिल १९७८ ची गिटार त्या भांडणाच्या नंतरची, तिला ते नाव लावणंच चुकीचं, त्या नावासाठी एक रुपया जास्त देऊ नका. गिटार म्हणून मात्र ती चांगली असणार, जपानमध्ये तेव्हा काम फार निगुतीने व्हायचं. नेक स्क्रूने बसवलाय का चिकटवलाय ते बघा, चिकटवलेली वरच्या दर्जाची समजली जाते, भाव त्यावरून करा.

प्रश्न : वडिलांचा व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे, वीसेक वर्षं बंद. चालू करून बघू का? किती जुना ते कसं कळेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : चालू करू नका. इतकी वर्षं बंद राहिलेल्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर सुकलेले असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की फुटतात आणि कधी ट्रान्सफॉर्मर पण घेऊन जातात. आत तीन-चारशे व्होल्ट खेळतात, प्लग काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो म्हणून स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे न्या, तो व्हेरिअ‍ॅक लावून व्होल्टेज हळूहळू वाढवेल. साल त्याच्याकडूनच कळेल, अ‍ॅम्पमध्ये पण पॉट असतात, अमेरिकन असतील तर वर सांगितलेला सात आकड्यांचा हिशोब तसाच लागू होतो. बदललेले कपॅसिटर मात्र त्याच्याकडून मागून घ्या आणि पाकिटात ठेवा, पुढे विकताना लागतील. दोन पिनचा प्लग असेल तर आधी अर्थिंगची तीन पिनची वायर लावून घ्या, कारण गिटारच्या तारा केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात आणि चेसिसमध्ये करंट उतरला तर तो सरळ वाजवणाऱ्याच्या हातात येतो.